सतरा नंबरचं दार

मी नोकरीत नेमकं काय करते, असं इंदुकाकूनं मला एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "यंत्रांनी ऐकलं नाही की त्यांना पुन्हा सांगते. पुन्हा नाही ऐकलं की पुन्हा." काकू भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे भुणभुण लावतेस." माझ्या नेमणूकपत्रात याच कामाचं वर्णन दीड पानाचं आहे आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही.

मी वैजयंता कणसे. पुण्यातल्या कालवा-समन्वय केंद्रात आहे. इथून सव्वाशे मैलांच्या कालव्यांवरची तीनशे दहा दारं चालतात. शेतांच्या मातीत पुरलेले संवेदक ओल मोजतात, ओल कमी झाली की पाणी मागतात. केंद्रातला संगणक सगळ्या मागण्यांचा मेळ घालतो आणि दारांना नेटवरून निरोप धाडतो की उघड, मीट, वीस सेंटीमीटर वर हो. आता निरोप धाडला म्हणून काम झालंच असं नसतं. टॉवर बसतो, वीज जाते, दारात ओंडका अडकतो. असे फसलेले निरोप पुन्हा धाडायचं एक काम पडद्यामागे सतत चालू असतं, आणि ते माझ्याकडे आहे.

पुन्हा धाडायचं म्हणजे सारखं ओरडायचं नाही, त्यात शास्त्र आहे. पहिल्यांदा फसलं तर एक मिनिट थांबायचं, मग दोन, मग चार, आठ, सोळा. समोरचा अडचणीत असेल तर त्याला सावरायला वेळ द्यायचा, म्हणून ही दुप्पट होत जाणारी विश्रांती. त्यात प्रत्येक वेळी दोन-चार सेकंद इकडेतिकडे करायचे, नाहीतर वीज आल्या आल्या तीनशे दारं एकाच क्षणी बोलायला लागतात आणि पुन्हा सगळं बसतं. शिवाय प्रत्येक निरोपाला एक पावती क्रमांक. कधी दार उघडतं पण 'उघडलं' हे उत्तर वाटेत हरवतं. मग तोच निरोप परत गेला, तर दारानं क्रमांक बघून म्हणायचं की हे मी केलंय, आणि आणखी वर जायचं नाही. सहा प्रयत्नांनी जमलं नाही तरच तो निरोप माणसाच्या ट्रेमध्ये येतो आणि कुणीतरी गाडी काढून बघायला जातं.

या सगळ्याचा एक तोटा आहे, तो मला नऊ वर्षांनी कळला. जे पाचदा फसून सहाव्यांदा जमतं, त्याच्याकडे कुणीच बघत नाही. नोंदवहीत शेवटी 'झालं' असं येतं आणि सगळे खूश असतात.

माझे वडील, अण्णा, आमच्या कुरणवाडीला पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी शेतोशेत फिरवणारा माणूस. दारं आपोआप चालायला लागली तेव्हा त्यांना 'दार-मित्र' असं नवं नाव मिळालं आणि काम उरलं ते दारातला पालापाचोळा काढण्याचं. मी सात वर्षांची असताना आई गेली. मला वाढवलं इंदुकाकूनं, अण्णांच्या धाकट्या भावाच्या बायकोनं. आता काका नाहीत, त्या घरात अण्णा आणि काकू, दोघांचे चार गुडघे, त्यातला एकही धड नाही.

म्हणून मी दर रविवारी सकाळी आठला फोन करायची आणि विचारायची, "अण्णा, पुण्याला कधी येताय? दोघंही या. खोली रिकामीच आहे."

अण्णा कधी नाही म्हणाले नाहीत. "बघू की. म्हस व्याली की येतो." म्हैस व्यायली. मग घरावरचे पत्रे बदलायचे होते. मग काकूचा दात. मग कुणाच्या तरी नातवाचं जावळ. मीही चिकाटीची, दर रविवारी विचारत राहिले. सहा वर्षं झाली या गोष्टीला. अण्णा टाळतायत हे मला कळत नव्हतं असं नाही, पण माझी समजूत अशी की अडचणी संपल्या की माणूस येईल. धंद्याची सवय अंगात मुरते ती अशी.

त्या वर्षी मी 'वाटाड्या' लिहिला. माझं आजवरचं सगळ्यात अभिमानाचं काम. जुनी पद्धत एकाच दारावर सहा वेळा टकटक करायची. वाटाड्या दोनदा टकटक करतो, आणि नाही जमलं तर शेताला पाणी पोचवायची दुसरी वाट स्वतः शोधतो. शेजारचं दार, जुना सांडवा, तलावातून पाणी ओढणारा वक्रनळ, जे असेल ते. त्याचं ध्येय दार उघडणं हे नाही, पाणी पोचणं हे आहे. मागच्या सात वर्षांच्या नोंदी वाचून तो शिकला की कुठलं दार कधी हटून बसतं.

त्याला शिकवतानाच मला सतरा नंबर दिसलं. आमच्याच गावचं दार. भाद्रपदात ते रोज सकाळी अकराला मिटतं आणि दुपारी तीनला उघडतं. वर्षभर शहाण्यासारखं चालतं, पण दर वर्षी एक दिवस पाचदा फसतं आणि सहाव्यांदा, बरोबर तीन वाजून एकतीस मिनिटांनी, उघडतं. दर वर्षी एकच दिवस. तारीख वेगळी, कधी ऑगस्ट संपता संपता, कधी सप्टेंबरच्या मध्यावर.

मी अण्णांना फोन केला. "सतरा नंबर अडकतं का हो?"

"दार झ्याक आहे."

"मग पाच-पाचदा फसतं कसं?"

"गाळ येतो गं पावसाळ्यात."

"वर्षातून एकच दिवस?"

"गाळाला काय कॅलेंडर असतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी म्हशीचा विषय काढला.

गाळ म्हटल्यावर गाळ. मी दाराच्या वरच्या अंगाला असलेल्या जुन्या सांडव्याला मोटार बसवून घेतली आणि वाटाड्याला सांगितलं की सतरा नंबर हटलं तर ही वाट आहे. गावाचं भलं केल्याचं समाधान वाटलं, ते मी लपवत नाही.

वाटाड्या सुरू झाल्यापासून अकराव्या दिवशी, दुपारी तीन वाजता, माझ्या पडद्यावर सतरा नंबर तांबडं झालं. निरोप फसला होता. मला खरं तर आनंदच झाला, कारण वाटाड्या कामाला लागलेला मला बघायचा होता. माझ्या शेजारी बसणारा नौशाद डबा धुऊन परत येत होता. त्यालाही मी बोलावलं. तीन वाजून एक मिनिटानं दार पुन्हा फसलं, आणि लगेच सांडव्यापुढे हिरवा ठिपका आला. सांडवा उघडला, पाणी निघालं.

"वा," नौशाद म्हणाला. "हार मानत नाही तुझा गडी." मग खुर्ची ओढून बसताना त्यानं सहज विचारलं, "तू आज इथे कशी? आमच्या वरच्या मजल्यावर सकाळपासून रांगोळ्या चालल्यात. गौरी येतात ना आज? मला वाटलं तू रजेवर असशील."

"गौरी गावाकडे असतात आमच्या," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता पडद्याकडे वळले.

मी जुन्या तारखा पुन्हा काढल्या आणि पंचांगाशी लावून बघितल्या. सातही दिवस गौरी आवाहनाचे होते.

आमच्या गावात गौरी म्हणजे मुखवटे नाहीत, खडे. बायका वाहत्या पाण्याच्या तळातून सात खडे उचलतात आणि घरी आणून त्यांची पूजा करतात. खडे उचलल्यापासून देव्हाऱ्यापर्यंत कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. पूर्वी नदीवर जायच्या. नदी आटली तेव्हापासून गावाचं वाहतं पाणी म्हणजे कालवा, आणि कालव्याच्या तळाचे खडे हवे असतील तर पाणी उतरायला हवं. दार अकराला मिटलं तरी कालवा निथळायला चार तास लागतात. तळ दिसायला लागतो तो बरोबर तीनच्या सुमाराला, जेव्हा नवं पाणी सोडायची वेळ होते. दार हातानं चालायचं तेव्हा अण्णा त्या दिवशी अर्धा तास उशिरा उघडायचे. कुणाला विचारलं नाही, कुणी त्यांना विचारलं नाही. आणि मला हे सगळं ठाऊक होतं. नऊ वर्षांची असताना परकराच्या ओच्यात सात खडे घेऊन मीच कालव्यातून वर येणाऱ्या पायऱ्या चढले होते.

सांडव्यापासून त्या पायऱ्यांपर्यंत पाणी पोचायला अकरा मिनिटं लागतात. हा आकडा मीच वाटाड्याला दिला होता. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. इंदुकाकू तिचे ते गुडघे घेऊन तळाशी वाकलेली असणार, कालव्याच्या उभ्या भिंतींच्या मध्ये.

अण्णांना फोन लावला. वाजला आणि थांबला. त्यांचा फोन पिशवीत असतो आणि पिशवी बाभळीला. बायका तर या कामाला फोन घेऊन जातच नाहीत. सरपंचांचा फोन व्यस्त. मी फोन नौशादच्या हातात दिला, "लावत राहा," म्हटलं, आणि सांडव्याला हातानं निरोप धाडला, मीट.

सांडवा मिटला. मी श्वास सोडला. मिनिटाच्या आत तो पुन्हा उघडला.

मी पुन्हा मिटला. या वेळी वाटाड्यानं सांडव्याचा नाद सोडून तलावाचा वक्रनळ चालू केला. बरोबरच होतं त्याचं. त्याच्या दृष्टीनं मी म्हणजे आणखी एक बिघाड. शेत पाणी मागतंय, कुणीतरी वाट अडवतंय, मग दुसरी वाट काढायची. मीच त्याला तसं शिकवलं होतं.

"बंदच करून टाक सगळं," नौशाद म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, बोटं मात्र फोनवर चालू होती.

"बंद केलं तर दारं आहेत तशी राहतात. वक्रनळ उघडाच राहील."

मला भीती वाटत होती. पण हात आपलं काम करत होते, कारण या यंत्राला कोण थांबवू शकतं हे मला माहीत होतं. नकार त्याला थांबवत नाही. त्याला थांबवतं ते फक्त यश. मी मागणीचा पावती क्रमांक उघडला आणि त्याच्यापुढे माझ्या हातानं लिहिलं, 'पाणी पोचलं.' खाली माझं नाव आणि वेळ, तीन वाजून नऊ मिनिटं.

वाटाड्याचं समाधान झालं. त्यानं एकेक करून सगळ्या वाटा मिटल्या. केंद्राच्या नोंदवहीत हातानं खोटी नोंद करणाऱ्याची नोकरी जाते, तसा नियमच आहे. ते त्या क्षणी मला आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं, आणि मी नोंद केली.

पण सात मिनिटांचं पाणी कालव्यात निघालेलं होतं. ते परत बोलावता येत नाही.

नौशाद लावत राहिला. चौदा वेळा लावला. एकदा माझ्या सवयीप्रमाणे मी त्याला म्हटलं, "जरा थांबून लाव," आणि तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. तीन एकतीस वाजले तसा सतरा नंबरचा तांबडा रंग गेला. दाराची अडचण दूर झाली होती, म्हणजे कुणीतरी ती दूर केली होती. दहा मिनिटांनी अण्णांचा फोन आला.

"किती फोन केलेस गं? काय झालं?"

"काकू कुठे आहे?"

"घरी गेली, खडे घेऊन. का?"

मी हळूहळू सगळं सांगितलं. अण्णांनी मध्ये तोंड घातलं नाही.

"तरीच," ते म्हणाले. "तीनला मोटार कण्हली. मिनिटानं पुन्हा कण्हली. मग दोन मिनिटांनी कण्हायला पाहिजे, तर गप. चार मिनिटांनी गप. मी म्हटलं, आज हिचं काहीतरी बिनसलंय. बायकांना हात केला, वर या म्हणून. सगळ्या आल्या. इंदूचा एक खडा राहिला होता, ती काय येईना. बोलता येत नाही, भांडता येत नाही, नुसतं डोळे वटारून सातवा खडा शोधतेय. तेवढ्यात पाणी आलं. खाली उतरून धरली तिला. गुडघ्याच्या वर चढलं होतं."

"मग?"

"मग काय, वर आणली. हात सोडला तर मुठीत सातवा खडा होता."

मी रडले थोडी. अण्णांनी रडू दिलं. मग मी विचारलं, "मोटार कधी कण्हते ते तुम्हाला कसं ठाऊक?"

"दाराच्या दात्यात बाभळीची खुंटी ठोकतो मी. मोटार जोर लावते, मग थांबते. एक, दोन, चार, आठ, सोळा. पहिल्या वर्षी घड्याळ लावून बसलो होतो. सहाव्यांदा कण्हायच्या आधी खुंटी काढली की कुणाला काय कळत न्हाई."

"मी विचारलं होतं तुम्हाला. गाळ म्हणालात."

"खुंटी म्हणालो असतो तर तुला लिहावं लागलं असतं, आमच्या बापानं सरकारी दार अडवलं म्हणून. आणि 'आज अर्धा तास नको' असं सांगायचं कुणाला? तुझ्या त्या दारात उघड आणि मीट अशी दोनच बटनं आहेत."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या प्रमुख रेगे मॅडमपुढे खोट्या नोंदीचा कागद ठेवला आणि खुंटीचंही सांगितलं. मॅडमनी दोन्ही शांतपणे ऐकलं. त्यांनी माझी चौकशी लावली, जी लावायलाच हवी होती. वाटाड्या थांबवला, तोही थांबायलाच हवा होता. मग म्हणाल्या, "दुरुस्ती सुचवा."

मला रात्रभर विचार करावा लागला नाही. आमच्या यंत्राला दोनच उत्तरं समजत होती, झालं आणि फसलं. जमत नाही आणि करायचं नाही यात फरक असतो हे आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं. मी तिसरं उत्तर मागितलं. दारापाशी एक लाकडी मुठीची कळ. दारावरच्या माणसानं ती ओढली की उत्तर जाईल, नको. नको आलं की पुन्हा धाडायचं नाही, दुसरी वाट शोधायची नाही. माणूस कळ सोडेपर्यंत थांबायचं.

"आणि कारण?" मॅडमनी विचारलं. "कारण नोंदवायला जागा हवी."

"नको, मॅडम. कारण विचारलं की लोक गाळ सांगतात."

त्या थोडं हसल्या. यावर दोन महिने बैठका झाल्या. कुणी म्हणालं, लोक उगीच कळा ओढत बसतील. शेवटी दोन अटी पडल्या, कळ दोन तासांपेक्षा जास्त ओढलेली राहिली तर माणूस बघायला जाईल, आणि पूर असेल तेव्हा कळ चालणार नाही. मला दोन्ही मान्य होत्या. माझी वेतनवाढ एक वर्ष अडली, नोकरी राहिली. पहिली कळ सतरा नंबरला बसली.

कळ बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आठला मी फोन केला. तोंडावर तोच प्रश्न आला होता. तो मी गिळला आणि वेगळा विचारला.

"अण्णा, तुम्हाला पुण्याला यायचंय का? नको असेल तर नको म्हणा. मी का म्हणून विचारणार नाही."

मागे काकूचा भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"नको," अण्णा म्हणाले.

"बरं," मी म्हटलं.

मला वाईट वाटलं. सहा वर्षं अडचणी संपायची वाट बघत होते, आणि अडचणी नव्हत्याच. पण अण्णांचा आवाज असा मोकळा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. नंतर ते वीस मिनिटं बोलले, म्हशीचं, कळीचं, काकूच्या सातव्या खड्याचं, जो आता गावभर सांगून झाला होता. आजवर आमचा फोन कधी चार मिनिटांच्या वर गेला नव्हता.

पुढच्या रविवारी आठ वाजले आणि मी फोन हातात घेऊन बसले. विचारायचं काहीच नव्हतं, त्यामुळे काय म्हणून लावावा ते सुचेना. आठ वाजून चार मिनिटांनी तो आपणहून वाजला. अण्णांनी मला रविवारी कधी फोन केलेला मला आठवत नाही.

"आज केला नाहीस?"

"करणारच होते."

"बरं." मग घसा खाकरून म्हणाले, "तू कधी येतेस?"

"या महिन्यात ना अण्णा, केंद्रात जरा वाटाड्याच्या दुरुस्तीचं, आणि नंतर ते कळांचं—"

मी थांबले. पलीकडून अण्णा काहीच बोलले नाहीत. 'बघू' नाही, 'काम असेल तर राहू दे' नाही. नुसते थांबले होते, दारावर बसून मोटारीचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला थांबता येतं तसे.

"शुक्रवारी येते," मी म्हटलं.

"ये," अण्णा म्हणाले, आणि काकूला हाक मारून सांगायला गेले. फोन बंद करायचं विसरले, म्हणून ती काय म्हणाली तेही मी ऐकलं.

"भुणभुण लावलीत की काय तिच्या मागं?"

"एकदाच विचारलं," अण्णा म्हणाले.